बन्सीचं जंगल, देवूचं अंगण

दोन वर्षांपूर्वी राजनंदिनी नावाची एक कॉलेजची मुलगी मुंबईहून बोईसरला आली होती. पाठीवर पिशवी, हातात छापील फॉर्म आणि बोलायला मोठी गोड. लोक वन्यजीव वाचवण्याच्या कामात का पडतात, यावर तिचा अभ्यास चालला होता. कोणीतरी तिला बन्सी कायंदेचं नाव सांगितलं. बन्सीने फॉर्म घेतला, चष्मा चढवला आणि पर्याय वाचले. प्राण्यांवरचं प्रेम, निसर्गाची काळजी, धार्मिक श्रद्धा, समाजात मिळणारा मान, आणि सगळ्यात खाली 'इतर', त्याच्यापुढे एक रिकामी ओळ. बन्सीने 'इतर'वर खूण केली आणि ओळ कोरीच ठेवली. पोरगी म्हणाली, "काका, काहीतरी लिहा ना." बन्सी म्हणाला, "एका ओळीत नाही बसत ते." मग तिला चहा पाजला, केळव्याचा समुद्र बघून जा म्हणून सांगितलं आणि स्टेशनवर सोडून आला.

ती ओळ भरायची तर बरंच मागे जावं लागेल.

बन्सी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, देऊळगाव राजाकडचा. चोविसाव्या वर्षी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आला आणि एका केमिकल कंपनीत बॉयलरवर लागला. रीतसर परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट मिळवलं, बोईसरला दोन खोल्या घेतल्या, ज्ञानेश्वरीशी लग्न केलं. सगळं सरळ चाललं होतं. पण बॉयलरवाल्याचं नशीब असं की सगळं नीट चाललं तर तो आहे हे कोणाला कळतसुद्धा नाही. वाफ वेळेवर आली तर कोणी बॉयलर हाउसकडे बघत नाही. उशिरा आली की मग सगळे जण एकदम 'कायंदे, कायंदे' करत धावत येतात. अकरा वर्षांत बन्सीची पाठ कोणी एकदाही थोपटली नव्हती.

आणि एके दुपारी कपडे बदलायच्या खोलीत, कपाटांच्या मागे, नाग निघाला.

अख्खी शिफ्ट अंगणात पळाली. कोणी अर्ध्या शर्टात, कोणी एका बुटात. बन्सीने गावाकडे त्याच्या चुलत्याला साप काठीवर उचलताना लहानपणापासून पाहिलं होतं. त्याने पोछ्याचा दांडा घेतला, नागाला अलगद उचललं, रिकाम्या ड्रममध्ये घातलं आणि झाकण लावलं. बाहेर आला तर दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. मोठ्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. त्या रात्री बन्सीला जेवण गेलं नाही, इतकं त्याचं पोट कौतुकानेच भरलं होतं.

तेव्हा खरं सांगायचं तर बन्सी या कामात पडला तो टाळ्यांसाठी. सापांवर त्याचं प्रेम वगैरे काही नव्हतं. ते पुढे ओळखीने झालं, शेजाऱ्याबद्दल होतं तसं.

मग त्याने हौसेने सगळं शिकून घेतलं. वनखात्याकडे नाव नोंदवलं, लोखंडी आकडी करून घेतली, कापडी पिशव्या शिवून घेतल्या. 'सर्पमित्र बन्सी कायंदे' असं पाठीवर छापलेले दोन टीशर्ट आले, एक धुवायला आणि एक अंगावर. फोन रोज वाजायचा. कधी वसाहतीतून, कधी चिंचणीहून, कधी तारापूरच्या एखाद्या घरातून. साप पकडायचा, पिशवी मोटरसायकलच्या हँडलला लटकवायची आणि शिफ्ट संपली की पूर्वेला निघायचं. चिल्हार फाटा, मग हायवे ओलांडून पुढे, डोंगराकडे. रस्ता चढायला लागतो तिथे एक मोरी आहे, मोरीच्या कडेला मोहाचं जुनं झाड. तिथे गाडी लावायची, मोबाइल झाडाच्या बेचक्यात ठेवायचा आणि पिशवीचं तोंड उघडायचं. साप सळसळत गवतात गेला की बन्सी मोबाइलकडे बघून म्हणायचा, "जंगलात सुखरूप सोडला." सहा वर्षांत त्याने असे दोनशेच्या वर साप तिथे सोडले. बॉयलरवरचा कायंदे आता व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या तोंडी झाला होता. बबलू नावाचा एक तरणा पोरगा तर त्याचा चेलाच झाला. तोही तिथेच साप सोडायला लागला.

बन्सीचं जंगलाचं माप सोपं होतं. विजेचा खांब दिसेना की जंगल सुरू. मोरीपाशी खांब नव्हता.

ऑक्टोबर महिना होता, भातकापणीचे दिवस. बन्सी रात्रपाळी करून सकाळीच मोरीवर आला होता. पिशवीत घोणस होती, पॅकिंग खात्यात सापडलेली, चांगली मनगटाएवढ्या जाड अंगाची. त्याने पिशवी मोकळी केली, घोणस गेली, आणि मागून आवाज आला.

"काय सोडलास तिथं?"

साठीकडे झुकलेला एक माणूस उभा होता. कमरेला कोयता, डोक्यावर भाताचा भारा. बन्सी हसून म्हणाला, "घाबरू नका बाबा, साप होता. जंगलात सोडला."

माणसाने भारा खाली ठेवला. "जंगल कुठं हाय?"

"हे काय," बन्सीने हात फिरवला.

"ती माझी नागलीची जागा," माणूस म्हणाला. "तो त्या बाजूला भात. ह्या झाडामागं माझं घर. चल, दाखवतो."

त्याचं नाव देवू. बन्सी त्याच्या मागोमाग गेला आणि मोहाच्या झाडापासून जेमतेम दीडशे पावलांवर त्याला सारवलेलं अंगण दिसलं. कारवीच्या कुडाचं घर, कोंबड्या, खळ्यात मांडलेलं भात. पुढे आणखी एक घर, त्याच्यापुढे आणखी, झाडांआड विखुरलेली अशी बावीस घरं. सहा वर्षं बन्सी या पाड्याच्या दारात येत होता आणि त्याला घर दिसलं नव्हतं. कारण तो घर बघायला येतच नव्हता, आपला व्हिडिओ करायला येत होता.

ओट्यावर देवूची सून बसली होती, लाडकी. तिशीच्या आतबाहेरची. उजवा पाय पुढे पसरलेला, घोट्यापासून सुजलेला, दोन बोटं नसलेला. दोन वर्षांपूर्वी भात कापताना तिला घोणस चावली होती. झोळी करून हायवेपर्यंत नेलं, तिथून जीपने पालघर, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. जीव वाचला. पण चिखलात उभं राहून आवणी करायची तर पाय साथ देत नव्हता. भाताची रोपं लावण्यात सगळ्या पाड्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती, असं देवूने सांगितलं. तेही साध्या आवाजात, कालच्या बाजारहाटाबद्दल सांगावं तसं.

"घोणस आमाला नवी नाय," देवू म्हणाला. "कोनच्या बांधाला कोनची हाय ते आमाला ठावं. तिची वाट ती जाते, आमची आमी. पण ह्या पाच-सहा वर्सात लई झाली. आनी भलतीकडं निघत. वाट चुकलेली. रस्त्यावर मरून पडत, चुलीपाशी निघत. आमी म्हनलं, देव कोपला."

पाड्याने भगताला विचारलं होतं. भगताने तांदळाचे दाणे मांडून पाहिले आणि सांगितलं, की कोणीतरी सीमेवर काहीतरी आणून टाकतंय. पाड्याला वाटलं करणी. मग कोंबडा दिला, नारळ दिले, सीमेवर नवा दगड शेंदूर लावून बसवला. तो दगड मोरीच्या पलीकडच्या बाजूला होता. बन्सी त्याच्याच बाजूला गाडी लावायचा.

"आनी तो देव हा असा मोटरसायकलवर येत व्हता," देवू म्हणाला. त्याने अकरा घोणशी स्वतःच्या हाताने मारल्या होत्या. पाड्यातल्या बाकीच्यांनी किती, ते त्याला माहीत नव्हतं.

लाडकीला चावलेली घोणस त्यानेच आणलेली होती, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. नव्हती, असंही कोणी सांगू शकत नव्हतं. हे कधीच कळणार नाही, हे त्याला त्या ओट्यासमोर उभं असताना समजलं, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. लाडकीने त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो त्याने उभ्यानेच रिकामा केला आणि तोंड पुसायच्या निमित्ताने डोळेही पुसले.

घरी आल्यावर तो दोन दिवस बोलला नाही. ज्ञानेश्वरीने विचारलं, "काहून गप झाले? कंपनीत काही झालं का?" त्याने सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरी भाजी निवडत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मग आता घरी बसून काय होणार हाये? ज्याचं चुकलं त्यानंच निस्तरायचं."

पण बन्सी घाबरला होता. त्याने सापाचे फोन घेणं बंद केलं. दोन महिने कानाला खडा लावून बसला. आणि त्या दोन महिन्यांत शेजारच्या कंपनीत लोकांनी एक धामण आणि दोन नाग सळयांनी ठेचून मारले. धामणीला तर विषही नसतं. हात वर करून बसणं म्हणजेही साप मारणंच, हे त्याच्या ध्यानात आलं. मग एका रविवारी तो आकडी-पिशवी घरी ठेवून, रिकाम्या हाताने देवूच्या अंगणात जाऊन बसला आणि म्हणाला, "देवूदादा, मला साप पकडता येतो. सापाबद्दल काही येत नाही. शिकव."

देवूने आधी त्याच्याकडून भात झोडून घेतलं. शिकवणं नंतर.

ते शिकणं तीन-चार वर्षं चाललं. साप आपली जागा धरून असतो, तिथली बिळं, तिथलं पाणी, तिथले उंदीर त्याला पाठ असतात. त्याला उचलून दुसरीकडे टाकलं की तो आंधळ्यासारखा फिरतो, आणि फिरता फिरता मरतो किंवा मारतो. देवू घरात शिरलेल्या सापाला काठीने बांधापलीकडे करायचा, बीळ बुजवायचा, पेंढ्याची उडवी दारापासून लांब हलवायचा. संपलं काम. बन्सीने पकडलेल्या सापाची खबर वनखात्याला द्यायची रीत ठेवली, पण सोडण्याची जागा बदलली. आता साप जिथला तिथेच, हाकेच्या अंतरावर सुटायचा. आणि मग बन्सी त्या घरात किंवा कंपनीत परत जायचा, गुडघ्यावर बसून दाराखालच्या फटी बुजवायचा, सांडलेलं धान्य झाडायला लावायचा, भंगाराचा ढीग हलवेपर्यंत लोकांचं डोकं खायचा. या कामाचा व्हिडिओ कोण बघणार? फट बुजवताना कोणी टाळ्या वाजवत नाही. लोक म्हणाले, बन्सीभाऊ थकले. काही म्हणाले, घाबरले. बबलूला तर गुरूची कीवच आली. त्याने स्वतःचे टीशर्ट छापून घेतले आणि तो अजून चिल्हार फाट्यापलीकडेच जात राहिला. बन्सीने त्याला चार वेळा समजावलं. बबलू मान डोलवायचा आणि आपलं तेच करायचा. आपणच शिकवलेलं आपल्याला पुसता येत नाही, याचं बन्सीला फार वाईट वाटायचं.

पण त्याचा हात आता ठाम झाला होता. मे-जूनच्या गर्मीत दिवसाला तीन-तीन फोन यायचे आणि बन्सी जराही गडबडायचा नाही.

मग आला यंदाचा जुलै. कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांची तपासणी गुरुवारी ठरली होती, आणि सोमवारी सकाळी कच्च्या मालाच्या गोदामात, जमिनीवर टेकलेल्या लाकडी पॅलेटखाली घोणस निघाली. बन्सीने तिला पाइपात घेतली, मग पारदर्शक डब्यात, आणि भोकं पाडलेलं झाकण घट्ट फिरवलं. पोट बघूनच कळलं, दिवस भरत आले होते.

प्लँटचे मुख्य होते दिग्विजय साहेब. सांगलीकडचे, वयाने बन्सीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, येऊन आठ महिने झालेले. माणूस वाईट नव्हता. ते येऊन म्हणाले, "कायंदे, शाब्बास. आता हिला लांब जंगलात सोडून या. गाडी घ्या कंपनीची."

"साहेब, पश्चिमेच्या भिंतीपलीकडे नाला आहे. तिथली आहे ती. तिथंच सोडतो."

"म्हणजे शंभर मीटरवर? उद्या परत आत येईल."

"पॅलेट जमिनीपासून वर उचलली, सांडलेला स्टार्च झाडला, की उंदीर जातील. उंदीर गेले की ही कशाला येते? मार्चपासून सांगतोय मी."

"माझ्याकडे साडेतीनशे माणसं आहेत, कायंदे. एकाला काही झालं तर जबाब मला द्यायचाय." साहेबांचा आवाज चढला नाही, पण बदलला. "तुम्हाला जमत नसेल तर त्या बबलूला बोलावतो. तासाभरात घेऊन जाईल. मग मात्र तुम्ही या आवारात पुन्हा सापाला हात लावायचा नाही."

बन्सीला नोकरीची भीती नव्हती. बॉयलर त्याच्यावाचून चालत नव्हता. भीती निराळीच होती. तो नाही म्हणाला तर बबलू येणार, आणि बबलू ती घोणस कुठे नेऊन सोडणार हे बन्सीला डोळे मिटून दिसत होतं. आठ-पंधरा दिवसांत तिला तीस-चाळीस पिल्लं होणार. आवणीच्या दिवसांत, देवूच्या अंगणापासून दीडशे पावलांवर.

त्याने डबा उचलला. "गाडी द्या साहेब. पण एक करा. तुम्ही पण चला. दोन तासांत परत येऊ."

दिग्विजय साहेबांनी घड्याळ पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, गाडीत बसले.

पाऊस बारीक चालू होता. गाडी मोरीपाशी थांबली तेव्हा देवू खाचरातून वर येत होता, हातात रोपांच्या जुड्या. बन्सीला बघून तो हसला. मग त्याला डबा दिसला. त्याचं हसू गेलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस पुन्हा तसाच दारात आलाय, असं त्याच्या नजरेत स्पष्ट होतं. बन्सीला ती नजर सोसवेना. पण आत्ता काही सांगितलं असतं तर साहेबांना जे बघायला आणलं ते त्यांना दिसलं नसतं. तो तसाच सगळ्यांना घेऊन अंगणात आला.

"साहेब, तुम्ही म्हणता ते जंगल हेच," तो म्हणाला. "झाकण कुठं उघडू, तेवढी जागा दाखवा."

दिग्विजय साहेबांनी डावीकडे पाहिलं. खाचरात आठ-दहा बायका वाकून रोपं लावत होत्या. उजवीकडे ओट्यावर झोळीत मूल झोपलं होतं. त्यांनी डोंगराकडे बोट केलं. "तिकडे वर?"

"तिकडं ढोरं चरत," देवू कोरड्या आवाजात म्हणाला. "मागं पोरं असत."

"आणि पलीकडे?"

"पलीकडं दुसरा पाडा."

लाडकी पाणी घेऊन आली, उजवा पाय ओढत. साहेबांचं लक्ष पायाकडे गेलं. "काय झालं पायाला?"

"घोनस," ती म्हणाली आणि पेला त्यांच्या हातात दिला. मग डब्याकडे बघत बन्सीला विचारलं, "ही कोन?"

"घोणसच." बन्सी म्हणाला, "पोटुशी आहे. आठ-पंधरा दिवसांत व्यायची."

लाडकी पायाला सांभाळत खाली बसली आणि डब्याच्या आत बघत राहिली. घोणस वेटोळं घालून पडली होती, अंग फुगवून, जोरजोराने श्वास टाकत.

"कुठची हाय?"

"कंपनीतली."

"मंग तिला तिच्या जागी ने ना," लाडकी म्हणाली. तिने बघितलं मात्र बन्सीकडे नाही, साहेबांकडे. "दिवस भरलेली हाय. तिला कोन एवढी गाडीतून हिंडवतं?"

दिग्विजय साहेबांनी पेला ओट्यावर ठेवला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चला, कायंदे," ते म्हणाले. मग खिशातून फोन काढून तिथूनच गोदामात लावला आणि म्हणाले, "फोर्कलिफ्ट मोकळी करा. सगळी पॅलेट आज वर घ्यायची. हो, आजच. आणि त्या बबलूला फोन केला असेल तर नको म्हणून सांगा."

बन्सी डबा उचलायला वाकला, पण देवू पुढे झाला. रोपांच्या जुड्या त्याने चिखलात ठेवल्या, हात धोतराला पुसले आणि डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. अकरा घोणशी मारलेला तो माणूस एकेक पाऊल जपून टाकत गाडीपर्यंत गेला, डबा मागच्या सीटवर ठेवला आणि तो घरंगळू नये म्हणून त्याच्या बाजूला आपलं घोंगडं दुमडून लावलं.

"हळू ने," तो ड्रायव्हरला म्हणाला. "रस्त्याला खड्डे हायत."